देवाचे वचन एक सांगते आणि घरची वडीलधारी माणसे दुसरेच सांगतात, तेव्हा कोणाचे ऐकावे?

कामावर खोटी बिले लिहावी लागतात आणि घरचे ‘सगळेच लिहितात’ म्हणतात, असे लिहून आपण हा प्रश्न विचारला आहे. ऐकावे देवाचेच. परंतु एवढे ठाऊक असूनही माझ्या पगारातून एकतीस महिने दुसऱ्याच्या कर्जाचे हप्ते कापले गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कळव्यात राहतो आणि महापे येथील एका कारखान्याच्या भांडार विभागात नोकरी करतो. २०१३ साली आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका बंधूला खानावळ काढण्यासाठी पतसंस्थेचे दोन लाखांचे कर्ज हवे होते आणि दुसरा जामीनदार मिळत नव्हता. माझ्या पत्नीचे मामा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतले जुने सभासद, त्यांच्या शब्दाला मंडळीत मान, आणि तेच रविवारी उपासनेनंतर फॉर्म घेऊन आमच्या घरी आले. पत्नीने काही न बोलता बायबलातील नीतिसूत्रांचा बाविसावा अध्याय उघडून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस, फेडायला काही नसले तर अंगाखालचे अंथरूणही काढून नेतील, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. मामांनी चष्मा पुसला, तेच पुस्तक स्वतःकडे ओढून अनेसिम या दासाचे देणे माझ्या नावावर मांड, असे प्रेषित पौलाने त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, लिहिलेले पत्र काढले आणि म्हणाले, “पौल अनेसिमासाठी जामीन राहिलाच ना? तुम्ही पौलापेक्षा शहाणे का, जावईबापू?” चहा निवायच्या आत मी तीन ठिकाणी सह्या केल्या.

त्या बंधूने आठ हप्ते भरले, खानावळ बंद केली आणि तो गावी निघून गेला. पहिले जामीनदार तोवर निवृत्त झाले होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला गाठा आणि मग माझ्याकडे या, असे मला म्हणता येत नव्हते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, कंपनीला पत्र गेले आणि पगाराच्या चिठ्ठीत भविष्य निर्वाह निधीच्या खाली ‘इतर कपात ४,२००’ अशी ओळ उमटली. मुलीचे ते दहावीचे वर्ष होते. मामा भेटले की म्हणत, “प्रार्थना करतोय.”

त्या दिवसांत बायबलातील ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा तेरावा अध्याय मी कितीदा वाचला असेन. यहूदाहून बेथेलला आलेल्या देवाच्या माणसाला आज्ञा होती की, तिथे भाकर खाऊ नये, पाणी पिऊ नये. यरोबाम राजाने घरी बोलावले तेव्हा त्याने ताडकन नकार दिला. पण एका म्हाताऱ्या संदेष्ट्याने ‘मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितले’ अशी थाप मारताच तो मुकाट्याने मागे फिरून जेवायला बसला आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. परक्या राजाला नाही म्हणणे सोपे असते, आपल्यातल्याच वयोवृद्धाला नाही म्हणताना जीभ उचलत नाही. आणि त्या म्हाताऱ्याचे काय झाले? काही नाही. त्याने ‘हाय, माझ्या भावा’ म्हणून शोक केला, एवढेच.

पौलाचे म्हणाल तर त्याने ‘मी स्वतः फेडीन’ असे आपल्या हाताने लिहून दिले होते. ज्याच्याजवळ देण्याइतके आहे त्याने सरळ देऊन टाकावे. जे आपल्याजवळ नाही त्यावर सही करणे याला मी प्रीती म्हणत नाही, मामा काहीही म्हणोत.

आता आपल्या खोट्या बिलांविषयी. ती लिहू नका. नोकरी आज सोडावी की दुसरी मिळाल्यावर, हे आपल्या घरचा खर्च पाहून ठरवा, तिथे माझा सल्ला कामाचा नाही.

मात्र माणसांचा सल्ला घेऊच नये, असा याचा अर्थ काढू नका. मोशेने न्यायनिवाड्याच्या कामाची वाटणी सासऱ्याच्या, इथ्रोच्या, सांगण्यावरूनच केली होती. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून त्याला विश्वास म्हणणाऱ्यांशी तर माझा काही संबंध नाही.

गेल्या नाताळात मामा माझ्या धाकट्या मेहुण्यासाठी तसाच फॉर्म घेऊन आले. मी पाकिटात पाच हजार रुपये घालून ते त्यांच्या हातात दिले आणि हे परत नको, असे सांगितले. फॉर्म चहाच्या कपाखाली तसाच राहिला, आणि तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नाहीत.