जुन्या पिकअपला ५०-६० च्या वेगाला थरथर येते, चाकं बॅलन्स करूनही जात नाही. काय बघावं?

आधी मोकळ्या रस्त्यावर ६० ला जाऊन क्षणभर न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच सुटले. दोष शाफ्टात नाहीतर चाकांत. स्टेअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, सीटखाली बारीक भणभण असेल तर बहुधा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा), कारण तो चाकापेक्षा चौपट वगैरे फिरतो.

चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, न्यूट्रल करा, खाली शिरून शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) जरा जरी खेळ जाणवला किंवा कडेला विटकरी गंजाची पूड दिसली तर तो क्रॉस गेला. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगचं (मधल्या आधाराचं) रबरही तपासा.

शाफ्ट काढण्याआधी जोडांवर ऑइल पेंटची रेघ मारायलाच लावा! माझ्या गाडीचे क्रॉस तुर्भ्यात बदलले, पोराने स्प्लाइन (शाफ्टचे भाग एकमेकांत बसतात तो दातेरी जोड) एक दाता सरकवून बसवली. घोडबंदरला गायमुखचा चढ येईपर्यंत आधीपेक्षा जास्त हादरे. रेघ जुळवून बसवली, पाच मिनिटांत गाडी शांत.