स्टोकला यायचं म्हणता, तर

ताई, तुमच्या मिस्टरांना इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला नोकरी लागतेय, पण तिथले लोक बाहेरच्यांच्या विरोधात मत देतात म्हणे, मग मुलीला आणावं का, असं विचारलंत. व्हिसाचे कागद सरकारी संकेतस्थळावर सापडतील. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला झोप लागू दिली नाही, म्हणून लिहून राहिले.

मी नागपूरच्या सक्करदऱ्याची. इथे डिपेंडंट व्हिसावर गोदामात पॅकिंगला लागले. सोबतच्या बायका इथल्याच, कुणाचे वडील कोळसा खाणीत, कुणाची आई कपबश्यांच्या कारखान्यात. खाणी बंद झाल्या, कारखाने थोडेच उरले. २०१६ मध्ये या गावाने ६९ टक्के मतं युरोपीय संघातून बाहेर पडायला दिली. त्यातलीच एक सुट्टीत मला तिच्या डब्यातला ओटकेक देते, म्हणजे चीज घातलेलं धिरडंच, आणि देता देता म्हणते, "तुम्हाला कौन्सिलची घरं मिळतात, माझी मुलगी किती वर्षं यादीत आहे." कौन्सिल म्हणजे इथली पालिका, ती कमी भाड्यात घरं देते.

मी तिला व्हिसाची अट दाखवली: सरकारी मदत नाही. तिघांच्या कुटुंबाला सरकारी आरोग्यसेवेसाठीचा पाच वर्षांचा आरोग्य अधिभार आजच्या दराने १४,२३० पौंड, तोही आधीच भरायचा, वर पगारातून कर वेगळा. ती म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तिची तक्रार खोटी नव्हती. १९८० नंतर कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकली, तेवढी परत बांधली नाहीत. २०१० नंतर सरकारने खर्चाला कात्री लावली. हे डोळ्यांना दिसत नाही, मी दिसते.

आमचे बाबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते. मिल गेल्यावर छत्तीसगडी मजुरांवर चिडायचे, अर्ध्या मजुरीत राबतात म्हणून. मिल काय त्यांनी बंद पाडली होती?

शाळेचं अजून सलतं. पक्क्या पत्त्याशिवाय अर्ज पुढे सरकेना, आणि शाळा कळल्याशिवाय घर कुठे घ्यावं ते ठरेना. शेवटी जवळच्या शाळेतल्या जागा संपल्या, पोराला दोन बस बदलून दूरच्या शाळेत जावं लागलं. शेजारच्या आजींच्या नातीलाही जवळच्या शाळेत जागा मिळाली नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी काय करायला हवं होतं, बाप्पा? पोराला घरी बसवू?

एकटेपणा येतो, कामाला लागलं की जातो.

आता कुणाला न सांगितलेलं सांगते. जुलै २०२५ मध्ये बाहेरून केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे, आणायचा व्हिसा बंद झाला, तेव्हा मला हायसं वाटलं. एजंटला लाखो रुपये देऊन आलेल्या, इथे कामच न मिळालेल्या आपल्या पोरी मी पाहिल्यात, म्हणून असेल. किंवा मीही त्या ओटकेकवालीसारखी रांगेत उभी राहून मागच्यांना मोजायला लागलेय.

मुलीला आणा. घर घेण्याआधी कोणत्या शाळेत जागा आहे ते कौन्सिलला फोन करून विचारा. आणि मतदार यादीत नाव घाला, भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं. मी देते. पुढच्या वेळी कुणाला, ते अजून ठरत नाही.