काचबिंदूने वडिलांची दृष्टी गेली आणि त्यांनी टीव्ही सोडला. ऑडिओ डिस्क्रिप्शनचा खरंच उपयोग होतो का? अंध लोक हल्ली काय 'बघतात'?

आधी त्या 'बघतात'ला घातलेली अवतरणचिन्हं काढून टाका. आम्ही बघतोच म्हणतो. "काल रात्री एक मालिका ऐकली" असं म्हणणारा अंध माणूस मला अजून भेटायचाय.

मी गोव्यातल्या डिचोलीची. नोकरी म्हापशाला, बँकेत. माझा आजार रेटिनायटिस पिग्मेंटोझा, म्हणजे तुमच्या वडिलांच्या काचबिंदूपेक्षा वेगळा. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि शेवटी उरतं ते नळीतून बघितल्यासारखं. लहानपणी जत्रेतली नाटकं मी अशी बघितलीत. बोलणारा नट दिसला तर ऐकणारा दिसायचा नाही. मग शेजारी बसलेले मामा कानात कुजबुजायचे, "भीमाने गदा उचलली बघ. दुर्योधन मागे सरकला." आता मी बेचाळीसची आहे, उजेड-काळोखही कळत नाही. मामा नाहीत. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे थोडक्यात ते मामा, फक्त तंबाखूचा वास नाही.

संवादांच्या मधे ज्या रिकाम्या जागा असतात तिथे एक आवाज सांगतो, कोण आत आलं, कोणी काय लपवलं, कोण कोणाकडे बघतंय. संवादावर बोलायचं नाही आणि स्वतःचं मत घुसडायचं नाही हे त्याचे नियम. "ती दुःखी आहे" असं चांगला वर्णन लिहिणारा म्हणत नाही. "ती पदराने डोळे टिपते" एवढंच सांगतो. दुःख आहे की कांदा चिरलाय ते माझं मी ठरवते.

हे कळलं की लोक लगेच संजय-धृतराष्ट्राचा दाखला देतात. ऐकून ऐकून कान किटले. शिवाय तो दाखला चुकीचा आहे. महाभारतात संजय थेट प्रक्षेपण करतच नाही. दहाव्या दिवशी भीष्म पडल्यावर तो रणांगणातून येतो, आधी ती बातमी देतो आणि मग पहिल्यापासून सगळं सांगत बसतो. म्हणजे संजय ही आमची वहिनी आहे. रोज संध्याकाळी साडेसातची मराठी मालिका आम्ही सगळे एकत्र बघतो. मालिकेत बायका एकमेकींना सारखी नावाने हाक मारतात, दारातून कोणी आलं की "अगं बाई, तुम्ही?" होतं, त्यामुळे अर्धं काम आपोआप होतं. जुन्या नभोनाट्यांत लेखक जाणूनबुजून हेच करायचे. पण मग ढॅण ढॅण ढॅण सुरू होतं. अर्धा मिनिट कोणी बोलत नाही. आई श्वास रोखून बसलेली असते. मी विचारते, "काय झालं?" आई म्हणते, "रांव गो!" म्हणजे थांब गं. भीष्म पडून, जाहिराती लागून, भाताचा कुकर उतरवून झाल्यावर वहिनी सांगते, "तिने कपाटाची चावी बदलली." तोवर माझा धक्का शिळा झालेला असतो.

वर्णनाची खरी किंमत ही आहे. माहिती काय, पाच मिनिटांनीही मिळते. पण घरात चार माणसं एकदम हसली आणि पाचवं माणूस "का हसताय?" विचारतंय, हे रोज झालं की ते पाचवं माणूस उठून आत जातं. तुमचे वडील बहुतेक तसेच उठून गेले असणार.

आता गेल्या आठवड्याचं सांगते.

सगळ्यात जास्त रमले ते 'द क्राऊन'च्या पहिल्या सीझनमध्ये. इंग्लंडच्या राणीवरची मालिका, २०१६ साली नेटफ्लिक्सवर आली. मी ती तेव्हा वर्णनाशिवाय बघायचा प्रयत्न केला होता आणि दोन भागांत सोडली होती. मला ऐकू यायचं ते एवढंच: कप-बशी, दार, कुत्री, खोकला, पुन्हा दार. राजघराण्यातली माणसं मनातलं तोंडाने बोलत नाहीत हाच त्या मालिकेचा विषय. वर्णन लावलं आणि त्या खोल्यांत माणसं उभी राहिली. कोण वाकून नमस्कार करतंय, कोण करायला जरा उशीर लावतंय, कोणाची नजर खाली गेली. राजा गेल्याची बातमी केनियात असलेल्या एलिझाबेथपर्यंत पोचते तो भाग मी सोमवारी बघितला आणि मंगळवारी पुन्हा बघितला. वर्णन करणारा काही ठिकाणी चक्क गप्प बसतो. माझ्या मते ती सगळ्यात अवघड गोष्ट आहे. जागा मिळाली की बोलून टाकणारे खूप असतात, मग पाऊस नुसता ऐकायला मिळत नाही, "पाऊस पडतोय" हेही ऐकावं लागतं. अरे बाबा, मी गोव्याची आहे, मला पाऊस ओळखता येतो.

बसमध्ये 'टेड लासो' चालू आहे. ॲपल टीव्हीवर आहे. फुटबॉलमधलं काही न कळणारा अमेरिकन माणूस इंग्लंडमधल्या संघाचा प्रशिक्षक होतो, त्याची गंमत. डिचोली ते म्हापसा एकाच कानात इअरफोन, दुसरा कान कंडक्टरसाठी मोकळा. मोबाईलचा पडदा मी पूर्ण काळा करून ठेवते, बॅटरी वाचते. एकदा शेजारच्या बाईंनी मला हलवून सांगितलं, "बाय, तुजो फोन बंद पडला." या मालिकेत खेळाडूंच्या खोलीत दारावर हाताने लिहिलेला एक पिवळा कागद चिकटवलेला असतो, त्यावर एकच शब्द, 'बिलीव्ह'. पूर्ण मालिका त्या कागदाभोवती फिरते आणि तो कागद स्वतः काही बोलत नाही. पडद्यावरचा मजकूर ही आमची कायमची डोकेदुखी. हल्लीच्या प्रत्येक मालिकेत कथेला कलाटणी देतो तो व्हॉट्सॲपचा निरोप, आणि माझ्या वाट्याला येतं फक्त 'टिंग'.

रविवारी नऊ वर्षांच्या पुतण्याबरोबर 'अवर प्लॅनेट'. डेव्हिड ॲटनबरोंचं निवेदन असलेला, २०१९ चा निसर्गपट. इथे गंमत अशी होते की निवेदक आधीच बोलत असतो, मग वर्णन करणाऱ्याला उरतात त्या निवेदनामधल्या चिंचोळ्या फटी. दोघे एकमेकांच्या पायावर पाय न देता नाचतात तसं वाटतं. बर्फ कमी झाल्यामुळे किनाऱ्यावर गर्दी केलेले वॉलरस कड्यावर चढतात आणि तिथून खाली कोसळतात, ते दृश्य आलं. सगळं नीट सांगितलं जात होतं, पण मी आयुष्यात वॉलरस बघितलेलाच नाही. वर्णनात 'वॉलरस' म्हणाले की माझ्यापुढे नुसता एक शब्द. पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, पाय नसलेली म्हैस, तिला मिशा आणि हत्तीचे सुळे." झालं! मग कोसळताना मला जे काय व्हायचं ते झालं. पुतण्या नंतर बराच वेळ गप्प होता, मीही.

हे तुमच्या वडिलांसाठी महत्त्वाचं आहे. वर्णन ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीची चित्रं असतील तर ते चटकन लागू पडतं. वडिलांनी आयुष्यभर जग बघितलंय, त्यांच्याकडे चित्रांचं कोठार भरलेलं आहे. जन्मांध माणसापेक्षा त्यांना हे सोपं जाईल. अडचण येईल ती मनाची.

आवाजाबद्दल एक तक्रार. काही ठिकाणी आता वर्णन यंत्राच्या आवाजात येतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, हे मान्य. माहितीपट चालून जातो. पण विनोदी मालिकेला तो आवाज लावला की मला आमच्या बँकेत बसल्यासारखं वाटतं. "टोकन क्रमांक सत्तेचाळीस, काउंटर तीन. तो केळ्याच्या सालीवरून घसरतो."

तुम्ही विचारलं नाहीत, पण नेटफ्लिक्सवर हे आलं कुठून तेही सांगते, कारण त्यात एक मासला आहे. नेटफ्लिक्सने 'डेअरडेव्हिल' ही मालिका १० एप्रिल २०१५ ला आणली. नायक अंध वकील, रात्री गुंडांना बडवणारा. आणि अंध प्रेक्षकांसाठी वर्णन नाही! लोकांनी बोंब मारली, आणि चार दिवसांनी, १४ एप्रिलला, त्या मालिकेपासून वर्णनाची सुरुवात झाली. बोंब मारल्याशिवाय काही मिळत नाही हे आपल्याकडेही खरं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षकं असावीत असं सरळ लिहिलंय. २०१९ मध्ये सरकारने टीव्ही कार्यक्रमांसाठी मानकं काढली ती कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. चांगलंच झालं, पण आम्ही रांगेतच राहिलो. जानेवारी २०२३ मध्ये काही दिव्यांग मंडळी 'पठाण' चित्रपटासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा ओटीटीवर येताना वर्णन आणि उपशीर्षकं तयार करा असा आदेश निघाला. मग मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली.

गोव्यात आमचं नशीब थोडं बरं, इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून इथेच आहे. २०२२ च्या इफ्फीत दिव्यांगांसाठीच्या विभागात 'गांधी' वर्णनासह होता. सुरुवातीची ती अंत्ययात्रा. तिच्यासाठी सुमारे तीन लाख माणसं जमवली होती म्हणतात. वर्णन नसेल तर तीन लाख माणसं म्हणजे नुसती कुजबुज आणि पावलं. गंमत म्हणजे 'गांधी'वाले रिचर्ड ॲटनबरो आणि माझ्या वॉलरसवाले डेव्हिड ॲटनबरो हे सख्खे भाऊ. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले अंध लोक भेटले आणि तासभर आमचं बोलणं काय, तर कोणत्या मालिकेचं वर्णन भिकार आहे. इतकं बरं वाटलं! दयेचा विषयच नाही, नुसती कुचाळकी.

आणि एक अनुभव उलटाही आहे. एका मल्टिप्लेक्समध्ये मी फोनवर वर्णनाचं ॲप लावून बसले होते. ते ॲप मायक्रोफोनमधून चित्रपटाचा आवाज ओळखतं आणि तुमच्या इअरफोनमध्ये बरोबर त्या जागेपासून वर्णन सुरू करतं. तिथल्या माणसाने येऊन सांगितलं, मॅडम, रेकॉर्डिंग करता येणार नाही. समजावण्यात मध्यंतर झालं.

मराठीचं म्हणाल तर गेल्या आठवड्यात मला मराठी वर्णन असलेली एकही मालिका सापडली नाही. दर आठवड्याला शोधते. तोवर मराठीसाठी वहिनी आहे.

आता वडिलांचं. सुरुवात नव्या मालिकेने करू नका. दृष्टी असताना त्यांनी बघितलेली, आवडलेली एखादी गोष्ट वर्णनासह मिळते का बघा. कथा माहीत असली की डोकं पात्रांच्या नावांत अडकत नाही, त्या नव्या आवाजाची सवय व्हायला मोकळं राहतं. इंग्रजी कानाला जड जात असेल तर निसर्गपटाने सुरू करा, तिथे वेग कमी असतो. नेटफ्लिक्सवर चालू कार्यक्रमात 'ऑडिओ आणि सबटायटल्स' उघडलं की भाषांच्या यादीतच ऑडिओ डिस्क्रिप्शन दिसतं, प्राइमवरही ते भाषांच्या यादीतच असतं. आयफोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये त्याची स्वतंत्र कळ आहे, ती एकदा चालू केली की जिथे असेल तिथे आपोआप लागतं.

तुम्ही शेजारी बसा, पण मधे मधे सांगू नका. वर्णन चालू असताना घरचं माणूसही बोलायला लागलं की एकाच रेडिओवर दोन स्टेशनं लागतात. त्यांनी विचारलं तरच सांगा, आणि सांगायचं तर पुतण्यासारखं सांगा.

पहिल्या दिवशी ते पंधरा मिनिटांत "बंद कर ती कटकट" म्हणतील. मीही म्हटलं होतं. दोन दिवस जाऊ द्या, मग परत लावा, पण "बघा ना बाबा, तुमच्यासाठी लावलंय" असं म्हणत नव्हे. तुम्हाला बघायचंय म्हणून लावा.

त्यांचा टीव्ही कोणता आणि फोन अँड्रॉइड की आयफोन ते खाली लिहा, कुठे काय दाबायचं ते सविस्तर लिहून देते. फक्त साडेसात ते आठ उत्तराची वाट बघू नका. काल तिने चावी बदललीय.