कोळंबीच्या तळ्यातल्या व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूकडे क्रिस्पर ही विषाणूंपासून बचावाची यंत्रणा असेल, तर फाज (जिवाणूंना मारणारे विषाणू) सोडून उपयोग होईल का?

होऊ शकतो, कारण क्रिस्परला चुकवायचे मार्ग फाज विषाणूंकडे असतात. क्रिस्पर जुन्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा जपतं आणि तसाच पुन्हा दिसला की कापतं. विषाणूच्या डीएनएतल्या त्या भागात किंवा क्रिस्पर ओळखतं त्या लगतच्या खुणेत मोक्याचं एक अक्षर बदललं तरी विषाणू निसटू शकतो. त्याहून विलक्षण म्हणजे काही फाज कापणाऱ्या यंत्रणेलाच जखडणारी प्रथिनं बनवतात. ती २०१३ मध्ये स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूच्या फाजांत सापडली. तिथे पहिले फाज मरतात, पण त्यांनी दुबळ्या केलेल्या पेशीत मागचे शिरतात, म्हणून संख्या पुरेशी लागते. मात्र व्हिब्रिओकडे क्रिस्परखेरीज इतर बचावही असतात. तुमच्या खाडीकाठच्या तळ्यातलाच जिवाणू वेगळा काढून त्यावर फाज आधी तपासून घ्या.