धाकट्या बहिणीला पाठवू का?

प्रश्न : माझी धाकटी बहीण बारावी झाली आहे. गावात एक संस्था आली होती. तीन महिने मोफत निवासी प्रशिक्षण आणि मग शहरातल्या कारखान्यात नोकरी, असं सांगतात. पण प्रत्येक मुलीमागे कंपनीकडून पैसे घेतो, हेही त्यांनीच सांगितलं. स्वतःला सामाजिक उद्योग म्हणवतात. ही दलालीच ना? पाठवू का तिला?
– एक वाचक

उत्तर : मुलीकडून पैसे मागितले असते, तर मी सरळ नको म्हटलं असतं. कंपनीकडून घेतात, त्यात वावगं नाही. देणगीवर न विसंबता कमवायचं आणि ती कमाई त्याच कामात घालायची, अशीच या उद्योगांची रीत असते. तुम्ही त्यांना एवढंच विचारा : मागच्या तुकडीतल्या किती मुली सहा महिन्यांनंतरही कामावर आहेत?

मी बारा वर्षं अशाच कामात होते. मुलगा रुजू झाला की आमच्या वहीत त्याचं नाव पूर्ण. एकजण अठराव्या दिवशी घरी परतला आणि आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो. पुढे त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं. पगार महिना भरल्यावर होणार होता. खोलीचं डिपॉझिट आणि खानावळ मात्र आधी. जवळचे पैसे संपले आणि मागायचे कुणाकडे, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. त्याच्या आईने मला चहा दिला, पण एक शब्द बोलली नाही. त्यानंतर आम्ही पहिल्या महिन्याची उचल द्यायला लागलो.

म्हणून सगळं कापून हातात किती पडणार, राहायचं कुठे, रात्रपाळी आहे का, अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हे नीट विचारून घ्या. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नका. आणि आधीच्या मुलींशी बहिणीलाच बोलू द्या, संस्थेचं माणूस जवळ नसताना.

तिला जायचंय का, हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. नसेल, तर बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (सगळे आरसेटी म्हणतात) चौकशी करा. तिथलं प्रशिक्षणही मोफत असतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रमही बघून या. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती असं सगळं तिथे प्रत्यक्ष करून शिकतात. गावातच काहीतरी उभं करायचं असेल, तर मला ती वाट फार मोलाची वाटते.

ती नोकरीलाच जायचं म्हणाली, तर पहिल्या महिन्याचा खर्च तिच्याजवळ द्या. संस्था उचल देणार असली, तरीही.