हायकू लोकांना दाखवायचं तर आधी क्वेरी दाखवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमचा स्टॉल लावायचाय, पण मुलं "लिनक्स आहे की, मग हे कशाला?" असं म्हणून पुढे जातात. त्यांना विंडोजवरून इकडे कसं वळवायचं?

माझं स्पष्ट मत, वळवायला जाऊच नका. २०१८ मध्ये पहिला बीटा (म्हणजे चाचणीसाठीची, अजून पक्की न झालेली आवृत्ती) आला तेव्हापासून मी हायकू वापरतोय आणि ही चूक मी केलेली आहे. आतेभावाच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर मोठ्या हौसेनं हायकू टाकून दिलं. दोन दिवसांनी त्याला ऑनलाइन मीटिंगला बसायचं होतं, आणि कॅमेरा चालेना. त्यानंतर त्यानं माझ्यासमोर हायकूचं नाव काढू दिलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. एक माणूस असा दुखावला की तो पुढे दहा जणांना सांगतो. म्हणून स्टॉलवर "बीटा" हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा आणि ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर चालणारे गेम इथे चालणार नाहीत, हे विचारायच्या आधीच सांगून टाका.

आता "लिनक्स आहे की" याचं उत्तर. हायकू हे लिनक्सचं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचाच एखादा अवतार, नाही. त्याचा कर्नल (सिस्टिमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा) वेगळा आहे, आणि कर्नलपासून डेस्कटॉपपर्यंत सगळं एकाच प्रकल्पात, एकाच हातानं लिहिल्यासारखं बांधलेलं आहे. बी कंपनीच्या बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा हा वारसा. २००१ मध्ये ती कंपनी पाम या दुसऱ्या कंपनीला विकली गेली, तेव्हा चाहत्यांनी ती सिस्टिम मुळापासून पुन्हा लिहायला घेतली. २००४ मध्ये त्या प्रकल्पाला हायकू हे नाव मिळालं, कारण बीओएसचा ब्राउझर एरर मेसेज तीन ओळींच्या हायकूत द्यायचा. मराठी मुलांना हायकू कविता म्हणून माहीत असते, त्यामुळे नावाची ही गोष्ट चटकन पोचते. बाकीचा इतिहास कुणी विचारला तरच सांगा.

खरा वेळ द्या तो क्वेरीला, म्हणजे अट घालून फाइली शोधण्याला. हायकूच्या बीएफएस या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेत) फाइलसोबत हवी ती माहिती चिकटवता येते आणि फाइल सिस्टिम त्या माहितीची सूची स्वतः ठेवते. पीपल या ॲपमधला प्रत्येक संपर्क म्हणजे एक साधी फाइल; नाव, गाव, फोन हे तिचे गुणधर्म. आलेली ईमेलसुद्धा तशीच फाइल. स्टॉलवर असं करा: शोधायच्या खिडकीत "शहर सातारा" अशी क्वेरी लावून ती उघडीच ठेवा. समोरच्या मुलाला पीपलमध्ये स्वतःचं नाव आणि गाव सातारा लिहून सेव्ह करायला सांगा (क्वेरीत आणि इथेही रोमन अक्षरांतच). त्यानं सेव्ह करताक्षणी उघड्या खिडकीत त्याचं नाव उमटतं. कुणी रिफ्रेश केलं नाही, वेगळा डेटाबेस नाही. हे पाहिल्यावर "कसं काय?" असं विचारणारा मुलगा तुमचा. त्याला सांगा की बीएफएस घडवणारे डॉमिनिक जांपाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि तिथल्या स्पॉटलाइट या शोधायच्या सोयीवर त्यांनी काम केलं.

पॅकेजची, म्हणजे ॲप आणि सिस्टिमचे भाग ज्यात बांधून येतात त्या फाइलींची, गोष्टही सांगता येईल: ती उलगडून पसरत नाहीत, आहे तशीच जोडली जातात, म्हणून अपडेट बिघडलं तर बूट मेन्यूतून आधीच्या स्थितीत जाता येतं. पण गर्दीत एवढ्यावर थांबा.

तुम्हाला वापरणारे हजार नकोत, हायकू ज्या भाषेत लिहिलंय ती सी प्लस प्लस येणारे चार हवेत. हायकू २००७ पासून गूगल समर ऑफ कोड या खुल्या प्रकल्पांवर काम करायच्या उपक्रमात विद्यार्थी घेत आलंय. सगळा कोड खुला आहे, बहुतेक एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली, आणि ड्रायव्हर असो वा कॅलक्युलेटर, सगळं एकाच ठिकाणी वाचायला मिळतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय पुस्तकातून पाठ केलेल्या मुलाला चालता शेड्युलर (कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) उघडून दाखवा, त्याचा चेहरा बघा! फेस्टनंतरच्या रविवारी अशा चौघांना बोलवा, एखादा छोटा बग सोबत बसून सोडवा. भाषेची आवड असेल त्याला अनुवाद द्या.

आदल्या दिवशीची तयारी फार महत्त्वाची. २०२४ चा बीटा ५ घ्या. तो पेन ड्राइव्हवरूनच चालतो, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. पण ज्या लॅपटॉपवर दाखवणार त्याचं वायफाय आणि आवाज तपासून घ्या, आणि एक जादा पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. लॅपटॉपच्या सेटिंगमधलं सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागेल. कुणी स्वतःच्या लॅपटॉपवर बघायचा हट्ट धरला, तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का आणि रिकव्हरी की हाताशी आहे का ते विचारा, कारण सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ती मागू शकतं. की नसेल तर त्याला तुमच्याच मशिनवर बसवा.