तराजू उचलण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

बारा नाण्यांच्या कोड्यात तुझी गाडी दुसऱ्या खेपेला अडते, हे तू पाठवलेल्या कागदावरून कळलं. एक नाणं खोटं, जड की हलकं ठाऊक नाही; तराजू तीनदाच वापरून ते कोणतं आणि जड की हलकं, हे शोधायचं. आधी मोजणी कर. बारांतलं कुठलंही, जड किंवा हलकं, म्हणजे 24 शक्यता. तराजू दर खेपेला तीनच उत्तरं देतो: डावं पारडं खाली, उजवं खाली, दोन्ही सम. तीन खेपांत 27. कोडं सुटण्याजोगं आहे, पण उधळपट्टीला जागा नाही.

उरलेल्या दोन खेपांत उत्तरं 9 च, म्हणून पहिल्या खेपेनंतर 9 पेक्षा जास्त शक्यता उरल्या की खेळ संपला. सहा-सहा तोलली तर 12 उरतात, पाच-पाचमध्ये 10 उरू शकतात. तीन-तीन तोलून पारडी सम राहिली तर पुन्हा 12. चार-चार तोललं तरच कुठल्याही उत्तराला 8.

आता तुझी चूक. 1, 2, 3, 4 डावीकडे, 5 ते 8 उजवीकडे, डावं खाली गेलं. पुढे तू 1, 2 विरुद्ध 3, 4 तोललीस. पारडी सम राहिली तर 5 ते 8 मधलं एक हलकं: चार शक्यता, आणि उरलेल्या एका खेपेत उत्तरं तीनच. त्याऐवजी नाण्यांच्या जागा बदल. डावीकडे 1, 2, 5. उजवीकडे 3, 4, 6. 7 आणि 8 बाजूला. डावं खाली गेलं तर 1 किंवा 2 जड, नाहीतर 6 हलकं. उजवं खाली गेलं तर 3 किंवा 4 जड, नाहीतर 5 हलकं. सम राहिली तर 7 किंवा 8 हलकं. शेवटी 1 विरुद्ध 2 (किंवा 3 विरुद्ध 4, 7 विरुद्ध 8) तोललं की झालं.

पहिल्याच खेपेला पारडी सम असतील तर 9, 10, 11 विरुद्ध 1, 2, 3. पहिली आठ आता खरी ठरलेली आहेत, हे बरेच जण विसरतात आणि फुकटचं माप हातचं घालवतात.

मोजणी बसली म्हणजे कोडं सुटलंच, असं मात्र धरू नकोस. तेरा नाण्यांना 26 शक्यता, 27 च्या आत. तरी खोटं नाणं आणि त्याचा जड-हलकेपणा तीन खेपांत खात्रीने सांगता येत नाही. चार-चार तोलून सम आलं की 10 उरतात, पाच-पाचमध्ये एक बाजू झुकली तरी 10. उरलेल्या शक्यतांचा आकडा विषम येतच नाही, म्हणून नेमक्या 9 कधी उरत नाहीत.

हाच तीनाचा हिशोब फ्रेंच गणिती बाशे याने 1612 साली मांडलेल्या वजनांच्या कोड्यात आहे. 1, 3, 9, 27 या चार वजनांनी 1 ते 40 पर्यंतचं कुठलंही पूर्णांकी वजन तोलता येतं, कारण वजन मालाच्या पारड्यातही ठेवता येतं: 5 तोलायचे तर समोर 9, मालासोबत 3 आणि 1. पाचवं वजन कोणतं घ्यावं आणि त्याने कुठवर पोचता येईल, ते काढून कळव. नाण्यांवर आकडे लिहायला विसरू नकोस.